श्रावण पाळणारा

त्या गटारीला माझ्या धाकट्या भावाच्या हातात पेला मी दिला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या भावजयीला तर नाहीच. सगळ्यांना वाटतं तो आपणहून प्यायला. बायको सकाळी भांडली, त्याचं डोकं फिरलं आणि तो प्यायला, असं घरात ठरलेलं आहे. ठरवलं आईने. पण आईच्या हातात ते कोलीत दिलं मी.

आमच्या घरात पिण्याची दोन खाती होती. धाकटा दारुडा आणि मी ‘घेणारा’. हा फरक आमच्याकडे फार मोठा मानतात. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीने काम करायचो, अजूनही करतो. सेकंड शिफ्ट सुटली की आम्ही दोघं-चौघं नाशिकरोडला ‘बसायचो’. पिणं हा शब्द आम्ही कधी वापरला नाही. “आज बसायचं का?” एवढंच. बसून झालं की घरी यायचं, जेवायचं, झोपायचं. शिवीगाळ नाही, पडणं नाही, पगार बायकोच्या हातात. आणि मुख्य म्हणजे श्रावण. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, पोटभर प्यायचं आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर शिवायचं नाही. मी हे कॉलेज सुटल्यापासून पाळत आलो. कुणी म्हणालं, फार होतंय हं तुझं, तर माझं उत्तर तयार असायचं: “श्रावण पाळतो मी. दारुडा असतो तर पाळता आला असता का?”

या वाक्यापुढे भलेभले गप्प बसायचे. डॉक्टरसुद्धा एकदा हसून गप्प बसले. महिनाभर सोडता येते म्हणजे आपण तिचे गुलाम नाही, हे आमच्याकडचं गणित. उरलेले अकरा महिने कुणी मोजत नाही. मी तर त्या महिन्यातही गणपती कधी आहेत आणि त्यांच्यानंतर कुठे बसायचं हेच बघत असायचो. पण ते मनातलं. मनातलं कुणाला दिसतंय?

धाकट्याला श्रावण पाळता आला नाही. म्हणून तो दारुडा.

पंचवटीत त्याचं घर, आई त्याच्याकडेच, आणि घराला लागून त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी यायच्या. जुनी तार उपटून काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, वार्निश मारायचं. बारीक काम. सकाळी त्याचे हात इतके थरथरायचे की तार खाचेत बसायची नाही. मग तो शटर अर्धं ओढून एक चपटी रिकामी करायचा आणि हात दगडासारखे स्थिर व्हायचे. “औषध आहे दादा,” म्हणायचा. शेतकरी बाहेर खोळंबलेले असायचे, पीक वाळत असायचं आणि हा आत औषध घेत असायचा. शेवटी गिऱ्हाईक तुटलं. घरात हात उगारण्यापर्यंत गोष्ट गेली तेव्हा भावजयीने त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घातलं. आईला ते आवडलं नाही. “नवऱ्याला कोंडवाड्यात घातला हिने,” असं ती गल्लीभर सांगत सुटली. मीही गेलो नाही सोडायला. शिफ्ट होती, असं सांगितलं. शिफ्ट बदलून घेता आली असती.

तो परत आला तो वेगळाच. अंगावर मांस चढलेलं, डोळे निवळलेले. दुकान उघडलं. मी एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी गेलो तर माझ्यासमोर त्याने एक अख्खं कॉइल भरलं, एकही वेढा न चुकता. वर मान करून म्हणाला, “बघ. बिनऔषधाचं.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. पण तेवढ्यात चहा आला. मी बशी उचलली आणि ती कपावर वाजायला लागली. टिकटिकटिक. मी दोन्ही हातांनी धरली. त्याने पाहिलं आणि हसला, अगदी लहानपणी हसायचा तसा.

“दादा, बशी वाजतेय रे तुझी.”

“रात्रपाळी झाली ना. झोप नाही.”

“हां. मलाही झोप नसायची.”

बस. एवढंच बोलणं. त्यात खोच होती की काळजी होती, हे मला अजून कळलेलं नाही. पण मला ते लागलं. त्यानंतर घरात जो तो तेच बोलायला लागला. भाऊबीजेला बहिणीचा नवरा म्हणाला, “धाकट्याने मैदान सोडलं. आता मोठ्याचा नंबर.” सगळे हसले. माझी बायको हसली नाही, तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं घरातला दारुडा ठरलेला होता, म्हणून माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याने ती जागा रिकामी केली आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. हे आज लिहायला सोपं वाटतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की सुधारलेला भाऊ मला सहन होत नाही.

गटारी आली. त्या दिवशी घरात दिव्यांची अमावास्या असते. बायका घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडतात, कणकेचे गोड दिवे उकडतात. अशा दिवशी घरात मटण शिजवत नाहीत. म्हणून आमच्याकडचे पुरुष बाहेर जातात. आमच्या खात्यातल्या एकाचं इगतपुरीजवळ भाताचं शेत आहे, तिथे पत्र्याची शेड आहे. दरवर्षी तिथे. आणि दरवर्षी मटण धाकटाच करायचा. त्याच्या हाताच्या काळ्या रश्शाला तोड नव्हती. मी त्याला फोन केला.

“येतोस ना?”

“नको रे दादा. केंद्रात सांगितलंय, अशा जागी जायचं नाही.”

“तू पिऊ नको. कोण म्हणतंय पी? रस्सा तरी कर. तू नसलास तर ती पोरं पाण्यासारखं करतात.”

तो म्हणाला, “बघतो.”

गटारीच्या दिवशी सकाळी भावजयीचा फोन आला. तिने मला आपणहून असा फोन क्वचितच केला होता. आवाज दबका. “दादा, यांना नेऊ नका. एवढं एक साल जाऊ द्या. पुढच्या वर्षी मी स्वतः पाठवीन.”

“अगं, मी आहे ना. माझ्या जबाबदारीवर नेतो आणि आणून सोडतो.”

“तुम्ही असाल हो. पण...” ती थांबली. त्या ‘पण’पुढे काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मोठ्या दिराला कसं म्हणायचं, म्हणून ती बोलली नाही.

“काळजी करू नको,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मी त्याला घ्यायला गेलो तेव्हा दारातच वाद चालला होता. ती म्हणत होती, “आज घराबाहेर पाऊल टाकू नका. टाकलंत तर मला बोलू नका.” आई ओट्यावर दिवे पुसत बसली होती. तिने एवढंच ऐकलं. सणासुदीला सून नवऱ्याला घराबाहेर पडताना टोकतेय, एवढंच. मी मोटरसायकल बंदसुद्धा केली नाही. तो मागे बसला आणि आम्ही निघालो.

इगतपुरीला पाऊस असा होता की समोरचा बांध दिसत नव्हता. शेडमध्ये चूल पेटवली, मटण चढवलं. बाकीचे छत्र्या घेऊन धरणाचा सांडवा बघायला गेले. आम्ही दोघंच उरलो. तो कांदा-खोबरं भाजत होता, धुराने डोळे चोळत होता. मी शेजारी दगडावर बसून भरून घेतली होती. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. मग आम्ही बोलतच नव्हतो. आणि मला जुने दिवस आठवले. आम्ही दोघं असेच बसायचो, दुकानाच्या मागे, तो नकला करायचा आणि मी हसून हसून मरायचो. मला तो भाऊ परत हवा होता. हेही खरं आहे. बशीचंही खरं आहे. यातलं किती कुठलं, ते मला वेगळं करता येत नाही.

त्याचा पाण्याचा पेला चुलीशेजारी होता. स्टीलचा. मी त्यातलं पाणी ओतून दिलं आणि त्यात भरली. थोडीच. त्याच्यापुढे धरला.

त्याने पळी तशीच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. “दादा, नको.”

“घे रे. उद्यापासून श्रावणच आहे. महिनाभर तसंही बंद.”

हे वाक्य मी बोललो. मुद्दाम घडवून नाही, सहज तोंडातून आलं, कारण तेच वाक्य आम्ही सगळेच बोलतो. आज घ्या, उद्या बंदच आहे. गटारीचा सगळा धंदाच त्या वाक्यावर चालतो. माझ्यासाठी ते खरं होतं, दुसऱ्या दिवशी मी थांबणार होतो. त्याच्यासाठी उद्या नव्हताच, आणि ते मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी खूप वर्षं स्वतःला सांगितलं. पण होतं.

तो म्हणाला, “तू देतोयस?”

“मी देतोय.”

त्याने घेतला. एका घोटात नाही. हळूहळू, रस्सा ढवळत, जणू चव बघतोय. बाकीचे परत आले तेव्हा तो नकला करत होता आणि मी हसत होतो. त्यांना वाटलं, आला गडी लायनीवर. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

घरी नेलं तेव्हा त्याला चालता येत नव्हतं. दिवे अजून पाटावर तेवत होते. भावजयीने त्याच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी नजर आईकडे वळवली. आई कपाळावर हात मारून म्हणाली, “काय झालं रे? चांगला ऱ्हात व्हता की.”

मी म्हणालो, “सकाळपासूनच डोकं फिरलेलं होतं त्याचं.”

हेच ते कोलीत. यात एक अक्षर खोटं नव्हतं. सकाळी वाद झाला होता, डोकं फिरलेलं असेलही. आईने वळून सुनेकडे बोट केलं. “बघ! सणाच्या दिशी टोकलंस, त्याचं हे फळ. गडी धड व्हता, तू त्याला पाजलीस.”

भावजय बोलू शकली असती. “मी दादांना फोन केला होता, त्यांनी जबाबदारी घेतली होती,” असं म्हणू शकली असती. तिने माझी वाट पाहिली. मी बूट घालत होतो.

त्यानंतरचा श्रावण मी कडक पाळला. सोमवारी उपास. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, तीही अनवाणी. पाय सुजून आलो तर आईने कोमट पाण्याने धुतले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, “बघ तुझ्या भावाकडं! घेतो तोबी. पन श्रावण पाळतो. तुला एक महिना बी दम निघत नाय.” आतल्या खोलीत तो पडलेला होता. आतून त्याचा आवाज आला, “दादा, श्रावण बरा चाललाय ना?” मी पाय पुसले आणि निघालो. चीड अशी की तो मला चिडवत होता की माफ करत होता, हे मला कधी विचारता आलं नाही.

चीड त्याचीही येते. येऊ नये, पण येते. पुढे पुढे तो स्वतःच म्हणायला लागला, “हिच्यामुळे पितो. हिने त्या दिवशी टोकलं.” त्याला माहीत होतं पेला कुणी दिला. पण बायकोवर ढकललं की रोज नव्याने प्यायला कारण मिळत होतं, आणि भावावर ढकलून काय मिळणार होतं? आई एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये ती, दुकानाचं शटर उघडून मोटारी परत न्यायला आलेल्या शेतकऱ्यांच्या शिव्या खात उभी. मी महिन्यातून एकदा जायचो, फळं घेऊन. फळं!

पुन्हा केंद्रात घालू, असं ती एकदा मला म्हणाली. मी म्हणालो, “त्याने काय होतंय? गेल्या वेळी घातलं होतं की.” असं मी म्हणालो. मी.

शेवटी कावीळ झाली, पोट फुगलं, रक्ताची उलटी झाली. सरकारी दवाखान्यात त्याच्या पलंगाशी मी बसलो होतो. हात पुन्हा थरथरत होते, आता औषध देऊनही थांबत नव्हते. म्हणाला, “दादा, त्या पेल्याचं आईला सांगू नको हां. तिला एक तरी पोरगा धड आहे असं वाटू दे.”

मी मान डोलावली. तो मला वाचवत होता, आणि मी त्याला वाचवू दिलं. त्यात त्याच्या बायकोचं काय होणार, हे ना त्याने विचारलं ना मी. तो गेला. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला तर कावळा बराच वेळ शिवेना. बायकांत कुजबुज सुरू झाली. आई सर्वांदेखत म्हणाली, “तिला म्हनावं पाया पड. तिच्यावर रुसून गेलाय.” आणि भावजय पुढे झाली. पिंडाला हात जोडून उभी राहिली. मी तिच्यामागे होतो, दोन पावलांवर. कावळ्याला काय कळतं म्हणा. पण मला कळत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

मी आता पीत नाही. याचं कौतुक कुणी करू नये, करतात तेव्हा अंगाचा तिळपापड होतो. “भावाच्या जाण्याने माणूस सुधारला,” म्हणतात. तो गेल्यानंतरही बरीच वर्षं मी बसत होतो, श्रावण पाळत होतो. मग एका श्रावणात चौथ्या दिवशी बॉयलरच्या जिन्यावर मला दरदरून घाम फुटला, हात असे हलायला लागले की कठडा धरवेना. तेव्हा कळलं की माझं ‘पाळणं’ही संपलं. मी गुपचूप डॉक्टरकडे गेलो. धाकट्याला गल्लीदेखत गाडीत कोंबून नेलं होतं. मला सगळं झाकून मिळालं, हेही.

आई अजूनही धाकट्याच्याच घरी आहे. माझ्याकडे राहत नाही, क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, जिने चढवत नाहीत. तिचं उठवणं, बसवणं, अंघोळ, सगळं भावजय करते. वाइंडिंगच्या दुकानात तिने आता पिठाची गिरणी टाकली आहे. अंगावर पीठ घेऊनच आत येते, आईला चमच्याने भरवते, आणि आई कुणी भेटायला आलं की त्याच हाताकडे बोट दाखवून म्हणते, “हिनंच खाल्ला माझा लेक.” भावजय हसून म्हणते, “हो, खाल्ला. आता तुम्ही हा घास खा.”

इतकी वर्षं मी म्हणत होतो की सगळं निभतंय, तर कशाला उकरायचं. पण धाकट्याची मुलगी, माझी पुतणी, मोठी झाली. कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी मला सोडायला रस्त्यापर्यंत आली आणि एकदम म्हणाली, “मोठे पप्पा, खरं सांगा. त्या दिवशी मम्मी भांडली नसती तर पप्पा परत प्यायले नसते ना?”

मी म्हणालो, “कुणास ठाऊक, बाळा.”

“आजी तेच म्हणते. मला आता मम्मीशी बोलावंसंच वाटत नाही. पुण्याला नोकरी बघतेय. एकदा गेले की येणार नाही मी.”

रिक्षा आली आणि मी बसलो. कुणास ठाऊक! मला ठाऊक, दुसऱ्या कुणाला असणार?

यंदाच्या दिव्यांच्या अमावास्येला ठरवून गेलो. पाटावर दिवे मांडले होते. आई पलंगावर उशीला टेकून. पुतणी दारात मोबाइल घेऊन बसलेली. भावजयीने माझ्यापुढे कणकेचा दिवा ठेवला, वर तूप सोडलं. मी म्हणालो, “त्या गटारीला...”

भावजयीचा हात थांबला. पुतणीने मान वर केली. आई मात्र शांत.

“आई,” मी म्हणालो, “त्या गटारीला आम्ही इगतपुरीला गेलो होतो ना...”

“काय?” आई म्हणाली. “मोठ्यानं बोल. कायबी आयकू येत नाय मला.”

मला माहीत नव्हतं. म्हणजे कमी ऐकू येतं हे माहीत होतं, पण इतकं झालंय हे नाही. आता तिला काही सांगायचं तर कानाशी ओरडावं लागतं आणि ओरडलं की भिंतीला भिंत लागून असलेली सगळी गल्ली ऐकते. त्या गटारीच्या रात्री पुटपुटून भागलं असतं.

“काही नाही,” मी ओरडलो. “तूप चांगलं आहे म्हटलं!”

आई हसली. भावजय हसली नाही. तिने तुपाचं भांडं उचललं आणि जाता जाता हळूच म्हणाली, “दादा, दिवा गार होतोय.” एवढंच. तिला सगळं माहीत आहे की काय, ही शंका मला तेव्हापासून सोडत नाही. माहीत असेल तर तिने इतकी वर्षं माझी वाट पाहिली आहे. त्या रात्री मी बूट घालताना पाहिली होती, तशीच.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. आई वाचत नाही, भावजयीला वेळ नाही, पुतणीच्या हातात हे कधी पडेल याचा भरवसा नाही. माझ्याकडून जे द्यायचं राहिलंय ते हे: पंचवटीतल्या त्या खोलीत, भावजय आणि पुतणी समोर असताना, आईच्या कानाशी, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं की त्याला पेला मी दिला, हिने अडवलं होतं, मला फोन करून अडवलं होतं. आईला थोडंफार ऐकू येतंय आणि पुतणी अजून घरात आहे, तोवर. अजून दिलेलं नाही.